कर्णिक सर आणि दुरुस्तीला काढलेले राक्षस

कर्णिक सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा नाशिकपासून ठाण्यापर्यंतची सगळी वाहतूक बंद पडली होती. हे मी वाढवून सांगतोय असं ज्याला वाटेल त्यानं त्या दिवशी धामणकर नाक्यावर अडकलेल्या ट्रकवाल्यांना विचारावं. त्यातले काही अजून तिथेच असतील.

मी रस्ता ओलांडत होतो. म्हणजे धामणकर नाक्यावर ज्याला रस्ता ओलांडणं म्हणतात ते करत होतो : एक पाय दुभाजकावर, दुसरा देवाच्या हवाली. तेवढ्यात समोरच्या शेअर रिक्षातून, ती थांबायच्या आत, एक काटकुळे गृहस्थ बाहेर पडले. ट्रकांच्या मधून तीरासारखे आले, दोन्ही हातांनी माझा जबडा धरला आणि म्हणाले, "हलू नका."

मी हललो नाही. माझ्या मागे एक कंटेनर होता, तोही हलला नाही. त्याच्या मागे सगळी भिवंडी होती.

"मान वर करा. अहो, एवढी नको! टाकीत पाणी आलंय का ते बघताय का? हां. आता श्वास घेऊ नका."

हॉर्न वाजायला लागले. एक हवालदार शिट्टी फुंकत आला. सरांनी मान न वळवता त्याला सांगितलं, "तुमचं नाक उत्तम आहे, पण आज वेळ नाही. सोमवारी या." हवालदार शिट्टी तोंडात तशीच धरून बाजूला झाला, बहुधा सोमवारचा विचार करत असावा. खिशातल्या एका पावतीमागे पेन्सिलीनं माझी हनुवटी उतरवून झाली. सरांनी जबडा मला परत केला, "उपकार झाले" म्हणाले आणि आले तसे ट्रकांमध्ये नाहीसे झाले.

ती हनुवटी मला पुन्हा दिसली भाद्रपदात, आमच्या गणपती मंडळाच्या पडद्यावर. बकासुराला बसवली होती. शोभत होती. माझ्या बायकोनं ती लांबूनच ओळखली आणि भर गर्दीत आनंदानं ओरडली, "अहो, तुम्ही!"

पुढे आम्ही सरांच्याच इमारतीत राहायला गेलो, त्यांच्या समोरच्या दारात. तळमजल्याच्या गाळ्यांत कापड विणायचे लूम आहेत, त्यामुळे ही इमारत सतत थरथरत असते. कपातल्या चहावर लाटा उठतात. नवीन माणसाला वाटतं भूकंप आहे. जुन्या माणसाला लूम बंद पडले की वाटतं भूकंप आहे. पण या थरथरीत एकटे कर्णिक सर स्थिर असतील असं म्हणायला जावं, तर ते थरथरीच्याही पुढचे. त्यांच्या पायात भोवरा आहे. जेवताना उभे, वाचताना चालते. शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हा फळ्यावर घोड्याचं डोकं काढून ते वर्गाच्या मागच्या भिंतीकडे जात आणि शेपूट तिथे काढत.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," त्यांच्या पत्नी अनसूयाबाई सांगतात, "हा माणूस बसलेला मी फक्त लग्नाच्या फोटोत पाहिलाय. आणि त्यातही हललाय."

शाळा सांभाळून सरांनी उभं आयुष्य दोन प्रकारची चित्रं काढली. एक म्हणजे मंडळांचे पडदे. दुसरं म्हणजे कापडाच्या ताग्यांवर चिकटवायची लेबलं. त्या काळी प्रत्येक लूममालकाला आपल्या ताग्यावर छाप हवा असे : वाघ छाप, राणी छाप, राक्षस छाप. राक्षस छाप कापड घेऊन कोण काय शिवत होतं देव जाणे, पण खपायचं. माझ्या हनुवटीचा बकासुरही पुढे पडद्यावरून एका लेबलावर गेला. चेहरे मात्र सरांना कल्पनेतून येत नसत. शरीर ते मनानं काढत, डोकं शेजारपाजारचं लावत. आसपासच्या चार गल्ल्यांत असा माणूस नव्हता ज्याला सरांनी एकदा तरी असुर, ऋषी किंवा निदान द्वारपाल केला नव्हता. सगळ्या चेटकिणी अनसूयाबाई होत्या. "घरचं माणूस," सर म्हणत, "उगाच बाहेर कशाला जा?"

या सगळ्या चित्रांवर सरांचं नाव कुठेही नव्हतं. लेबलावर चित्रकाराचं नाव घालत नाहीत. सरांनी एकदा वाघाच्या पंज्याखाली बारीक अक्षरांत सही केली, तर मालक म्हणाला होता, "मास्तर, ये मिटा दो. लोगों को लगेगा शेर आपका है।" सरांनी ती पुसली. पडद्यांवर वर्गणीदारांची नावं येत; तिथे जागाच उरत नसे. निवृत्त होताना सरांकडे होती ती एक पत्र्याची ट्रंक, तिच्यात लेबलांची मूळ चित्रं, आणि एक इच्छा, जी त्यांनी माझ्याजवळ जिना चढता-उतरता अनेकदा बोलून दाखवली : एकदा, कुठल्याही पुस्तकात, छापील अक्षरांत, 'चित्रे : प्रभाकर कर्णिक'.

आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरून वल्लरी खाली आली.

वल्लरी वडप्याच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर मालाची ये-जा बघते. रविवारी तिच्या घरी वरद, स्नेहा आणि आणखी दोघंतिघं जमतात आणि आरडाओरडा करतात. भांडण असेल म्हणून आम्ही कधी विचारलं नव्हतं. ते खेळत असत. तिनं तो खेळ आम्हाला कर्णिकांच्या घरी समजावून सांगितला.

"टेबलाभोवती बसायचं. एक जण सूत्रधार, तो गोष्ट सांगतो. बाकीचे पात्रं घेतात. कुणी शिपाई, कुणी वैदू, कुणी चोर. सूत्रधार म्हणतो, समोर गुहा आहे, आत कुणीतरी घोरतंय, काय कराल? ज्याला जे सुचेल ते त्यानं बोलायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो."

"म्हणजे आमची सोसायटीची मीटिंग," अनसूयाबाई म्हणाल्या.

वल्लरीनं स्वतः असा एक खेळ लिहिला होता, मराठीत, आणि त्याचं पुस्तक करायचं होतं. असल्या पुस्तकात पानोपानी राक्षस लागतात. नवीन काढून घेणं झेपणारं नव्हतं. "पण काका, हे खेळ करणारे लोक सगळीकडे जुनी चित्रं वापरतात. जुन्या मासिकांतली, पोथ्यांतली. मला तर जुनीच आवडतात. नवीन चित्रातला राक्षस काल जन्मल्यासारखा वाटतो. तुमच्या ट्रंकेत आहेत ना?"

ट्रंक उघडली. वल्लरी जमिनीवर बसली आणि उठेचना. तिनं एकेक चित्र बघून राक्षस लिहायला घेतला : आधी चित्र, मग त्याची करणी. आता लेबल म्हटलं की एका कोपऱ्यात कोरा पांढरा गोल सोडलेला असायचा, कापड किती मीटर आहे ते लिहायला. प्रत्येक चित्रात तो होता. वल्लरीला मीटरबिटर ठाऊक नव्हते. तिनं लिहिलं : 'या राज्यात प्रत्येक राक्षसाजवळ एक पांढरा गोल असतो. त्यात पाय पडला की माणूस नाहीसा होतो.' आणि सगळा खेळ त्या गोलांभोवती बांधला. सरांनी ते ऐकलं नाही. ते तेव्हा वीस बाजूंचा फासा हातात घेऊन खोलीभर फिरत होते आणि विचारत होते, "नाव कुठे येणार? पहिल्या पानावर?"

"पहिल्याच, काका. एकट्याचं."

त्या दिवसापासून सरांचा डोळा लागेना. सकाळी दूधवाल्याच्या आधी आमच्या दारात. "ठळक अक्षरांत की साध्या?" दुपारी पुन्हा. "नुसतं प्रभाकर कर्णिक, की 'कलाशिक्षक' लावू?"

वल्लरीनं मोबाइलवर चित्रांचे फोटो काढून पुस्तकाची एक कच्ची झेरॉक्स प्रत केली, खेळून बघायला. छपाईसाठी ते फोटो चालणार नव्हते. मूळ चित्रं नंतर नीट स्कॅन करायची होती. ही कच्ची प्रत सरांनी हौसेनं चांगदेवला दाखवली, आणि तिथे सगळं बिघडलं.

चांगदेव हा तळमजल्याचा जुना लूम फिटर. आता निवृत्त आहे, पण रोज येऊन लूमना शिव्या देऊन जातो. त्यानं पान उलटलं आणि समोर तो स्वतः होता : चार हात, दोन सुळे, गळ्यात कवट्या. खाली वल्लरीनं लिहिलं होतं : 'ताम्रासुर. बळ १६. बुद्धी ३.'

चांगदेव तडक वर आला.

"मास्तर, राक्षस बनवलं, ठीक हाय. राक्षस तो राक्षस. बायको पण तेच म्हणते. पण बुद्धी तीन? अरे यार, लूमच्या आवाजावरून मी सांगायचो धोटा कुठं अडकलाय! तीन?"

"वीसपैकी आहे," सर म्हणाले.

"मग तर अजूनच वाईट!"

बातमी गल्लीभर झाली. लोक आपापला राक्षस बघायला येऊ लागले. गंमत अशी की राक्षस केल्याबद्दल एकाचीही तक्रार नव्हती. तक्रार आकड्यांची होती. किराणावाल्याला कळलं की त्याचं बळ चांगदेवपेक्षा कमी आहे, तर तो दुकान तसंच टाकून जिना चढला. राहीबाई डोंगराकडच्या पाड्यावरून निजामपुऱ्याच्या बाजारात भाजी घेऊन येते. राणी छापची राणी तीच. तिला वरदनं वाचून दाखवलं : "तेज अठरा, बळ चार."

"चार म्हंजी?"

"कमी आहे, मावशी."

"कमी?" राहीबाईनं टोपली खाली ठेवली. "डोईवर भारा घेऊन डोंगर उतरतंय मी. तुझा राजा उतरल का? उतरून दावू दे. मंग चार लिव."

अनसूयाबाईंचं तेवढं काही म्हणणं नव्हतं. चेटकिणीची बुद्धी वीस होती.

वल्लरी हसत होती. आकडे बदलणं तिच्या एका बोटाचं काम. तिनं चांगदेवला नऊ दिले, राहीबाईला सतरा, किराणावाल्याला चांगदेवपेक्षा एक जास्त. प्रकरण तिथे मिटायला हवं होतं. पण कर्णिक सर शिक्षक आहेत. आकडा बदलला आणि चित्र तेच राहिलं, हे त्यांच्या मनाला पटेना.

"बुद्धी नऊ आणि कपाळ एवढंसं?" ते मला जिन्यात म्हणाले. "विसंगत आहे हो."

त्यांनी मूळ चित्र बाहेर काढलं, पोस्टर कलरच्या बाटल्यांची झाकणं उघडली आणि ताम्रासुराचं कपाळ रुंद केलं. मग राहीबाईच्या राणीला पीळदार दंड दिले, आणि दंड दिले म्हणून मुकुटावर भारा. त्यातून आणखी एक भानगड झाली. तक्रारी घेऊन आलेली माणसं सरांसमोर बसत होती, आणि सर त्यांचे चेहरे नव्यानं बघत होते. चांगदेवचे पुढचे दात गेले होते. सरांनी ताम्रासुराचा एक सुळा काढला. किराणावाल्याला चष्मा लागला होता. त्याच्या असुराला लागला. एका ऋषीनं मधल्या काळात दाढी काढून केस काळे केले होते. त्याचं तप भंगलं. रोज सकाळी सर घाईघाईनं जिना उतरत, कुणाच्या तरी दारात उभे राहत, "जरा उजेडात या" म्हणत आणि धावत वर जात.

वल्लरी विचारायची, "काका, चित्रं कधी देताय? प्रेसवाला म्हणतो दिवाळीपर्यंत द्या. तुळशीचं लग्न लागलं की त्याच्याकडे लग्नपत्रिकांशिवाय काही छापत नाहीत."

"देतो, देतो. ताम्रासुराचा कान राहिलाय."

शेवटी दिवाळीच्या तोंडावर वल्लरी आणि अनसूयाबाई माझ्याकडे आल्या. ट्रंकेत नेमकं काय चाललंय हे सर कुणालाच दाखवत नव्हते.

"काका," वल्लरी म्हणाली, "गोदामातून स्कॅनर मागून आणलाय. तुम्ही त्यांना चहाला घेऊन जा. मला थोडा वेळ मिळाला की पुरे."

"त्यांना बसवा मात्र," अनसूयाबाई म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या. "म्हणजे उभं करून ठेवा."

मी सरांना धामणकर नाक्यावर घेऊन गेलो. हॉटेलात ते बसले नाहीत. कप घेऊन टेबलांमधून येरझाऱ्या घालत राहिले. वेटर त्यांना वळसे घालत होते. मी पुस्तकाचं काढलं, नावाचं काढलं. पहिल्या पानावर ते कसं दिसेल ते बोटानं टेबलावर लिहून दाखवलं. सर थांबले. एक क्षणभर खरोखर थांबले. मला वाटलं, जमलं. मी खूश होऊन मान वर केली.

तिथे मी चुकलो.

"तुमची हनुवटी कुठे गेली?" सर म्हणाले.

"आहे की."

"ही नव्हे. हिच्या खाली ही दुसरी कधी आली?" त्यांनी कप शेजारच्या माणसाच्या टेबलावर ठेवला. "बकासुराला एकच आहे!"

आणि ते निघाले. मी हाका मारत मागे. सर सिग्नल, ट्रक, हवालदार यांतलं काही न जुमानता नाका ओलांडून गेले. मी दुभाजकावर अडकलो, एक पाय तिथे, एक देवाच्या हवाली. जिना चढून धापा टाकत वर पोचलो तेव्हा दार उघडं होतं. स्कॅनर जमिनीवर होता. अनसूयाबाई हातात चित्रं घेऊन होत्या तशाच उभ्या होत्या. सर दारातच. पण रागावलेलं कुणी असेल तर ती वल्लरी होती. तिच्यासमोर ताम्रासुर पडला होता : रुंद कपाळाचा, बोळका, थोडासा दमलेला. त्याच्या कोपऱ्यात नारळाची दोन झाडं होती.

"काका, गोल कुठे आहेत?"

"कसले गोल?"

"पांढरे! प्रत्येक चित्रात होते!"

"अगं, ती मीटर लिहायची जागा," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "आता कुठे मीटर लिहायचेत? उगाच मोकळं दिसत होतं. झाडं घातली."

वल्लरीनं एकेक चित्र उलटून पाहिलं. झाडं, झाडं, एक विहीर, एक बगळा. माणसं जिथे नाहीशी व्हायची तिथे सगळीकडे कोकण झालं होतं.

"काका, माझा सगळा खेळ त्या गोलांवर आहे. मला जुनी चित्रं हवी होती!"

"जुनीच आहेत ही. माणसं जुनी झाली, त्याला मी काय करू?"

खाली लूम चालू होते, टेबलावरच्या रंगाच्या बाटल्या किणकिणत होत्या. वल्लरी म्हणाली, "असू दे. जशी आहेत तशी द्या. मी आहे त्यात बसवते काहीतरी. तुमचं नाव यायला हवं."

सरांनी मान हलवली. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू आला.

"नाव येणार म्हणून तर, पोरी. इतकी वर्षं नाव नव्हतं, तेव्हा चुकलेलं चालून गेलं. ताम्रासुराचा डावा हात मला तेव्हाच ठाऊक होता, आखूड आहे. म्हटलं, असू दे, कुणाला कळतंय कुणी काढलाय! आता खाली माझं नाव. उद्या चांगदेव म्हणेल, मास्तर, हा हात बघा." त्यांनी अनसूयाबाईंच्या हातून चित्रं काढून घेतली. "गोल परत काढून देतो. चार दिवस थांब."

वल्लरीला ती चित्रं ओढून घेता आली असती. ती तरुण आहे, गोदामात खोकी उचलते, आणि सरांचं बळ चार असेल नसेल. तिनं स्कॅनरची वायर गुंडाळली.

"चार दिवस," ती म्हणाली. "नक्की?"

"नक्की," म्हणेपर्यंत सरांनी कंपास शोधायला घेतला होता.

चार दिवसांनी गोल निघाले. कंपासचे, काटेकोर, एकसारखे. सरांना ते खोटे वाटले. त्यांनी ते पुसून हातानं काढले. हाताचे वाकडे आले, म्हणून वर पुन्हा झाडं आली. दिवाळीच्या दिवशी वल्लरी फराळाचं ताट घेऊन गेली तेव्हा सर बकासुराची दुसरी हनुवटी रंगवत होते. "छान जमत आलीय," ते म्हणाले, आणि ताटातली चकली घेऊन चालते झाले. दुसऱ्या दिवशी तिनं प्रेसला फोन केला.

पुस्तक तुळशीच्या लग्नाआधी छापून आलं. त्यात चित्र एकही नाही. सरांचं नाव आभाराच्या पानावर आहे, झेरॉक्सवाल्याच्या खाली.